हरवलेली खोडं

तुझ्या नकाशावर चार रंग आहेत, मिझुहो.
खाली ओक, त्यावर फर आणि स्प्रूस,
त्यावर भूर्ज, मग सरपटणारा पाइन,
आणि कोरं सोडलंयस ते दगड.
छान काढलायस. कचेरीतून पाहिलं
तर डोंगर असाच दिसत असेल,
थर लावून भरलेल्या डब्यासारखा.

पण आधी हात पुढे कर. डोळे मीट.
ही फांदी धर. टोचली? एझोमात्सु.
ही धर. टोचत नाही, पानाच्या टोकाला खाच आहे: तोदोमात्सु.
मुकादम सेइगो आम्हाला असंच शिकवायचा.
पहाटे साडेतीनला डोळ्यांचा काय उपयोग?

ओक मागे कुठे राहिला, सांग बरं?
मलाही नाही कळलं.
साठ वर्षं हीच वाट चढतोय,
ओकानं निरोप घेतल्याचं आठवत नाही.
एक तर तो बघ, फरांच्या घोळक्यात,
चुकून दुसऱ्याच्याच लग्नाला आल्यासारखा.
त्याला कुठल्या रंगात घालणार?

एकोणीसचा होतो त्या सप्टेंबरात.
रात्रभर वादळ, आणि सकाळी
नको तिथे उजेड.
अख्खा उतार आडवा.
मोजायला लागलो, चाळीसपर्यंत गेलो
आणि खाली बसलो.
वरून हुकूम आला, भुंगे लागायच्या आत काढा.
तीन वर्षं काढत होतो. घोडे, मग ट्रॅक्टर,
मग पुन्हा घोडे, कारण ट्रॅक्टर रुतायचे.
त्या पैशांत माझं लग्न झालं.
रेडिओ आला घरात.
आणि उतार असा लख्ख केला आम्ही
की नाव ठेवायला जागा नाही.

आता बघ तो.
सासा. छातीएवढं बांबूगवत, पार त्या कड्यापर्यंत.
बी पडतं, नाही असं नाही.
पण मातीत रुजलेलं पोर
बर्फाखालची बुरशी वसंताआधीच खाते.
एझोमात्सु मातीत वाढत नाही गं,
मेलेल्या एझोमात्सुच्या पाठीवर वाढतो,
शेवाळात, जमिनीपासून हातभर वर.
हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.
सेइगोला माहीत असतं तर...
जाऊ दे. मेलेल्या माणसाच्या वतीनं कशाला बोलू.

ये, या घळीत उतर. सांभाळून.
इथे घोडा उतरायचा नाही,
म्हणून अकरा खोडं सोडून दिली
आणि हिशेबाच्या वहीत लिहिलं: हरवली.
हे त्यातलंच एक. बोट रोव. गेलं ना आत,
शिळ्या भाकरीत जातं तसं? नाही, त्याहून मऊ.
आणि ही वरची पोरं. साठ वर्षांची आहेत,
माझ्या खांद्याला लागत नाहीत अजून.
घाई नाही त्यांना.

पलीकडे बघ. नऊ जुनी झाडं,
दोरी धरून लावल्यासारखी एका रेषेत.
कोणी लावली नाहीत.
मुळं फाकून उभी आहेत,
घोड्यावर मांड टाकावी तशी,
घोडा केव्हाच विरघळून गेलाय.
त्या पोकळीत हात घाल. गार लागतं ना?

वर तू एकटी जा, माझे गुडघे इथवरच.
बर्फानं वाकवलेले भूर्ज लागतील,
त्यांची साल सोलू नकोस.
मग हाइमात्सु, कमरेएवढा, दाट.
पाय अडकला तर शिव्या देऊ नकोस,
तो माझ्याहून थोरला असेल.
आणि घंटी वाजवत जा, अस्वलाला दचकायला आवडत नाही.

एक काम होतं.
खालच्या पुलाशी एझोमात्सु पडलाय, परवाच्या वाऱ्यात.
वाट अडवत नाही, जरा कडेला आहे.
सोमवारी करवतवाले येणार म्हणतात.
वही आता तुझ्या हातात असते.
अक्षरही तुझं चांगलं आहे.