ठेव

जुईला झोपताना जंगल लागतं.
रोज. दात घासून झाल्यावर.
सिंह नको, म्हणते, भांडण नको,
कुणी कुणाला खाल्लं तर मी उठून बसेन.

मी जंगल शोधते.
चौथ्या मजल्यावरून दिसतो पेट्रोल पंप,
मशिदीचा हिरवा दिवा, वाळूत चढवलेली होडी,
आणि पार पलीकडे खाडीत
गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभी तिवरं.
उम्म अल क्वैनला एवढंच रान.
आमच्या दाभोळलाही हेच झाड होतं,
पण ते तिला सांगून काय उपयोग.

तर, आटपाट रान होतं.
रानाला जमीन नव्हती, नुसता चिखल.
चिखलात राहायचा खेकडा,
एक नांगी ही मोठी, दुसरी जेमतेम.
मोठी सारखी हलायची,
बघणाऱ्याला वाटे, हाक मारतोय.
रोहित पक्ष्याला खरंच तसं वाटलं.
उतरून आला. म्हणाला, बोलावलंस?
खेकडा म्हणाला, नाही.
पण आलाच आहेस तर बस.

जुई हसली. उशीवर वळली.
मग?
मग काय, ओहोटीला गप्पा,
भरतीला कोल्ह्याकडे मुक्काम.
वाळूतला कोल्हा तो, कान एवढे लांब
की दुपारी दोघांना
एकेका कानाची सावली पुरायची.
हरणी खजुराची बी आणायची,
तिचाच चेंडू. तिचेच नियम.

मग मार्च आला.
आणि मार्च म्हणताच मला कळलं
मी कुठे येऊन पोचले.

समोरच्या दारातला नौफल.
त्याच्या उप्पाचं कंपनीतलं काम संपलं.
परीक्षा झाली की तिरूरला, कायमचे.
पॅसेजमध्ये दोरीनं आवळलेले खोके,
जुई त्यांवर बसून पाय हलवते.

रोहितचा व्हिसा संपला का?
पक्ष्यांना व्हिसा नसतो गं, त्यांना ऊन लागतं.
मग तो परत येतो?
येतो.
कशावरून?

खाली पाण्याचा टँकर मागे येत होता,
पीं पीं करत, अंदाज घेत.
मीही तशीच.
म्हटलं, तू पाहिलंस ना,
रोहित एका पायावर उभा असतो?
जाताना दुसरा त्यानं
खेकड्याच्या बिळात ठेवला.
ठेव म्हणून. सांभाळ, म्हणाला.
पाय सोडून कोण जातं कायमचं?

आणि खेकड्यानं काय दिलं?
त्याच्याकडे काय असणार. चिखल.
त्यानं त्याची गोळी वळली, बोराएवढी.
रोहितनं ती पिसांत खोचली.

ती झोपली, असं मला वाटलं.

ते निघाले त्या शुक्रवारी
नौफलची उम्मा आमच्या दारात,
हातात एकच निळी चप्पल.
जोडीची दिसली का कुठे?
खाली टॅक्सी थांबलीये.

दाराआड जुई,
भिंतीला हात टेकून, एका पायावर.

मी सगळं घर शोधलं.
पलंगाखाली सोडून.