खोडवा

मला वाचता येतं, तिला कळतं.
एवढ्या भांडवलावर आमचं आठ महिने चाललंय.

सावदा स्टेशनामागची पत्र्याची खोली.
गुरुवारी घड चढवून झाले की
हात रॉकेलनं घासून मी येतो.
केळीचा चीक त्यानंही निघत नाही,
पानांच्या कडांना माझ्या अंगठ्याचे तपकिरी ठसे.
म्हटलं, मावशी, शास्त्र मळतंय.
मळू दे, म्हणाली,
कोरं राहिलेलं कुणाच्या कामाचं?

रत्नमाला मावशी. बायबल-बाई.
फैजपूर, न्हावी, पार पालपर्यंतचे पाडे
छत्री नि पिशवी घेऊन चाळीस वर्षं तुडवलेले.
आता काचबिंदू.
जळगावच्या डॉक्टरनं फक्त एवढं म्हटलं : उशीर झाला.
तिला अध्याय पाठ आहेत,
तरी माझ्याकडून वाचून घेते.
मी एखादी ओळ गाळली
की बोट वर करते, जणू भाजीत मीठ कमी.

त्या गुरुवारी दाण्याचं आलं :
मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहणारा दाणा.
मी थांबलो.
मावशी, हे चूक आहे.
दाणा मरत नाही. मेला तर कोंब कुठून?
शाळेत ओल्या कापसावर हरभरा ठेवून पाहिलाय,
वहीत चित्रही काढलंय, सहापैकी पाच मार्क.

ती रागावली नाही. हसलीही नाही.
म्हणाली, तू आधी वाचलंस आणि मग डोकं लावलंस.
आधी माग.
काय मागू?
ज्यानं लिहवलं त्यालाच विचार, काय म्हणायचंय.

मी डोळे मिटले.
मालगाडी गेली. पत्रा थरथरला.
एक डास कानाशी आला, गेला, पुन्हा आला.
बाकी काही आलं नाही.
खोटं कशाला बोलू?

मग तिनं भलतंच विचारलं.
आज कुठली बाग?
न्हावीची.
घड उतरवले?
उतरवले.
आणि झाड?
झाड काय, मावशी, केळ एकदाच वितं.
घड गेला की संपलं त्याचं.
मुळातून तोडता?
नाही, अर्धं खोड उभं ठेवतो. वाळेपर्यंत
त्यातला रस खाली उतरत राहतो.
कुणाला?

पायाशी मुनवा असतो, त्याला,
असं म्हणता म्हणता
माझी जीभ जाग्यावर राहिली.

पाहिलंस ना, असं ती म्हणाली असती
तर मी पुन्हा भांडलो असतो.
ती काहीच म्हणाली नाही.
उशाची पाण्याची तांब्याभांडी चाचपली,
घोटभर प्याली.

मला का कोण जाणे बाप आठवला, शांतवन हमाल,
चाळिशीतच मानेला घडाचा बाक पडलेला.
मी हरभरा भिजवत होतो
तेव्हा तो वॅगनीत होता.

कळलं, मी म्हणालो.
कळलं म्हणू नको रे भो,
उतरलं का, ते सांग.

सांगता आलं नाही. अजूनही येत नाही.
दुसऱ्या दिवशी विळा मारताना मात्र
हात जरा वर गेला,
खोड नेहमीपेक्षा वीतभर जास्त उभं राहिलं.
मुकादम ओरडला. मी गप्प.

काल अंजिराचं निघालं.
हंगाम नसताना फळ मागितलं, नाही मिळालं,
आणि झाड वाळून गेलं.
मी दबक्या आवाजात वाचलं,
जणू घरातलं भांडण शेजाऱ्यांना ऐकू जाईल.
मावशी, यात झाडाचा काय दोष?

बराच वेळ गेला.
मलाही ठाऊक नाही, म्हणाली.
बावीस वर्षांची होते तेव्हापासून विचारतेय.
मग?
मग काय. विचारतेय.

मला उगाच हलकं वाटलं.
दिव्याभोवती पाखरं जमली होती,
चिकानं दोन पानं एकमेकांना चिकटली होती,
मी ती नखानं हळूच सोडवत बसलो.