कोऱ्या दहाच्या

बँक कोऱ्या नोटा का देते,
हे बत्तीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही.
विचारतात ते एवढंच : हाईत का?

शाहूपुरीतली शाखा, खिडकी नंबर तीन.
जवळच गूळ बाजार.
सौद्याच्या दिवसांत नोटा इतक्या चिकट येतात
की स्पंजला पाणी लागत नाही.
एकदा तिजोरीत मुंग्या निघाल्या,
साहेबांनी त्याचाही रिपोर्ट लिहिला.

पापाच्या तिकटीवरच्या नोटेला कातड्याचा वास,
गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरची पहाटेची, गार.
हातोहाती फिरून नोट मऊ पडते.
मग कुणी तिच्यावर फोन नंबर लिहितं,
कुणी उसाच्या खेपांचा हिशोब,
कुणी बदाम काढून आत दोन अक्षरं.
अशी आली की मी वेगळी काढते.
खराब नोटांची पुडी : सही, तारीख, शिक्का.
पुढे तिचे तुकडे करतात, तुकड्यांच्या विटा पाडतात म्हणे.
तिच्या जागी पेटीतनं कोरी येते.
झालं. कुणी विचारलंच तर
एवढंच आहे उत्तर.

पण सणाच्या तोंडावर हे उत्तर कुणाला हवंय?
नेमगोंडा मगदूम, गुळाच्या वखारीतला हमाल,
एकशे एकच्या आहेराला शंभराची कोरी मागतो,
वरचा रुपया कसला का असेना.
जैतूनबी बागवान ईदीच्या पाच नोटा
खिडकीतच नाकाशी धरते,
‘‘पोरास्नी मळकी दिली तर
माझा हात मळका वाटंल की ओ.’’

कोऱ्या पुड्या मोजून येतात.
त्यांच्या आधी केबिनमधनं चिठ्ठ्या येतात, हिरव्या शाईच्या.
डॉक्टर, दोन. कंत्राटदार, चार. साहेबांचे व्याही, एक.
आणि एक माझी,
ती मात्र चिठ्ठीशिवाय.
सगळ्या खालच्या ड्रॉवरमध्ये, माझ्या गुडघ्याशी.

वसुबारसेला दत्तोबा सातपुते आला.
चपलांच्या वेण्या वळून वळून
त्याची बोटं सरळ होत नाहीत.
‘‘नात बोलाय लागल्यापास्नं पहिली दिवाळी, बाई.
दहाच्या दहा द्या, कोऱ्या.
वाजवून बघती ती, कानाशी धरून.’’
मी मान वर न करता म्हटलं, संपल्या.
ड्रॉवरची कड गुडघ्याला लागत होती.
‘‘असू द्या, असू द्या,’’ म्हणत
दिल्या तशा घेऊन गेला तो.
त्यातल्या एकीवर बदाम होता.
देताना मला दिसला होता.

दिवाळी सरली.
पिग्मीवाला आनंदा नेहमीसारखा
पिशवी उलटी करून उभा राहिला.
मशीन फरफरत चाललं आणि अडकलं.
काढून बघितलं तर दहाच्या नोटा,
ताठ.
कडेला इस्त्रीचा पिवळा चटका,
साबुदाण्याच्या खळीचा पापुद्रा नखाला लागला,
घड्या दाबून दाबून सपाट केलेल्या,
तरी दिसतच होत्या.
एकीवर बदाम.
वास घ्यायची गरज नव्हती.
घेतला.

खिडकीत कुणी बघत नव्हतं.
एक नोट कानाशी धरून हलवली.
वाजली.
कोरीइतकी नाही, पण वाजली.

नियमानं खराबच.
साहेब केबिनमधनं ओरडले, मशीन का थांबलं?
म्हटलं, ओल असेल कुणाच्या तरी पिशवीत.
मग हातानं मोजल्या, दोनदा.
कुठल्या पुडीत ठेवल्या
ते रजिस्टरात येत नाही.

आनंदा विचारत होता,
बरोबर हाईत न्हवं?
दहाच आहेत, म्हटलं,
दहाच्या दहा.