पन्नास फिल्स

चौकोन दिसला की बटण दाबायचं.
वेळेत दाबलंत तर पन्नास फिल्स.
गोल दिसला तर काही नाही, नुसतं पडून राहायचं.
एवढाच खेळ. काचेपलीकडून तीनदा सांगितला,
तिसऱ्यांदा मराठीत, कारण अर्जावर होतं
जयवंत कुलाबकर, हिशेबनीस, मनामा.

कानांत बोळे घालून तो आत सरकला,
वरवंट्यासारखा मुकाट.
यंत्र ठोकू लागलं, पत्र्यावर खिळे मारावेत तसं.

मेंदूच्या तळाशी शेंगदाण्याएवढी एक जागा.
मिळालं म्हणून नाही,
मिळेल म्हणून पेटते.
परवा आमचा ड्रायव्हर सुलेमान आत होता, निरोगी गटातला.
पन्नास फिल्सना, ज्यात धड चहाही येत नाही,
त्याची ती जागा फुंकर घातलेल्या चुलीसारखी लाल.

जयवंतचं चित्र हिशेब होऊन दुसऱ्या दिवशी आलं.
राख.
प्रश्नावलीत त्याचा आकडा मोठा:
कोकेन किती वर्षं, नोकऱ्या किती गेल्या, बायको कुठे असते.
डॉक्टर मरियम म्हणतात, आकडा चढतो
तशी ही जागा थंडावत जाते,
पैशाला, जेवणाला, शाबासकीला.
आणि पुडीचं नुसतं चित्र दाखवलं की
हे वाक्य त्या पुरं करत नाहीत.
मग घाईनं म्हणतात, ही सरासरी,
एका माणसावरून काही ठरवू नकोस.
आणि आधी काय आलं, थंडी की पुडी,
ते अजून कुणाला ठाऊक नाही.

मुहर्रकचे म्हातारे सांगतात,
नाकाला चिमटा लावून बुडी मारायचे,
शंभर शिंपले उघडायचे, शंभरही रिकामे,
तरी पुढचा उघडताना सुरी थरथरायची.

जयवंतचं बोट थरथरलं नाही.
बटण मात्र बहुतेक वेळा वेळेत दाबलं.
जमाखर्च चोख ठेवायची सवय, दुसरं काय.

जिंकला चार दिनार, साडेतीनशे फिल्स.
पाकीट बाकावरच विसरला.
मी धावले. बाहेर शेचाळीस अंश,
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
गाडी गेलेली.
फोन केला, तो वाजून वाजून थांबला.

पाकीट माझ्या खणात आहे,
वर फक्त क्रमांक, नाव लिहायचं नाही असा नियम.
त्याची पुढची तारीख बकरी ईदनंतरच्या रविवारी.

लिफ्ट वाजली की मी मान वर करते.
दारात कुणी नसतं,
नाहीतर सुलेमान असतो, किल्ल्या खुळखुळवत.
माझं डोकं अजून कुणी तपासलेलं नाही.