मी म्हणून बोलायचं

नियम असा, की पेशंट जे म्हणेल ते
आपण 'मी' म्हणूनच इंग्रजीत सांगायचं.
'ते म्हणतात की' असलं काही मध्ये घालायचं नाही.
म्हणून कॉव्हेन्ट्रीत, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी,
पंचावन्न वर्षांची, दोन मुलांची आई असलेली मी
मिस्टर हॅलोरनच्या डोळ्यांत बघून म्हणाले,
चार वर्षं झाली, मला होत नाही.
(सर्जनला इथे डॉक्टर म्हणत नाहीत. मिस्टर म्हणतात.)

पारधे म्हणू त्यांना; खरं नाव माझ्याजवळ राहू दे.
शांतवन पारधे, मूळचे नगरकडचे,
एकतीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात,
तळहात अजून साच्यातून काढल्यासारखे.
शेजारी मार्थाबाई, मांडीवर पर्स,
पर्सवर दोन्ही हात, चर्चमध्ये बसतात तशा.
साखर वीस वर्षांची. गोळ्या झाल्या,
सुया झाल्या, नळीचा तो पंपही झाला,
'सायकलीत हवा भरल्यागत,' काका म्हणाले,
आणि मी तेही सांगितलं, सायकलीसकट.

मिस्टर हॅलोरननी खणातून नमुना काढला:
दोन लवचिक नळ्या,
लिंबाएवढी पिशवी, मिठाच्या पाण्याची,
आणि एक इवलासा पंप.
नळ्या आत बसतात. पिशवी पोटात, मूत्राशयाशेजारी.
पंप
इथे माझी मराठी थांबली.

दुभाष्यांच्या परीक्षेत मला यकृत आलं होतं, स्वादुपिंड आलं होतं.
या जागेसाठी माझ्याकडे दोनच तऱ्हेचे शब्द:
एक पाठ्यपुस्तकातला, जो कुणी कधी तोंडानं उच्चारला नाही,
बाकीचे शाळेच्या संडासाच्या भिंतीवरचे.
मधला, चहा पिता पिता बोलायचा शब्द
आईनं दिला नाही. तिला तिच्या आईनं दिला नसेल.
मी म्हटलं, 'पिशवीत. म्हणजे, खालच्या.'
'गोट्यांत व्हय? मग तसं सांगा की.'
मार्थाबाईंच्या पर्सची चेन उघडली, मिटली.

मग मी सरळ सांगत गेले.
एकदा बसवलं की मागे फिरणं नाही,
मूळचं जे काही उरलंय तेही जाईल.
जंतू धरले तर सगळं उपसावं लागेल.
साखर आधी खाली आणायची.
सहा आठवडे थांबायचं.
पंप दाबला की पाणी नळ्यांत,
कळ दाबली की पाणी परत पिशवीत.
'व्हॉल्व्ह,' काका म्हणाले. 'ठाऊक हाय. म्या व्हॉल्व्हच ओतलेत.'

त्यांनी नमुना घेतला, उलटा केला,
नखानं एकेक जोड चाचपला,
पाळी संपताना माल तपासावा तसा.
'चांगलं हाय काम.'
विमानतळावर वाजंल का?
सहसा नाही.
मेल्यावर काढून घेत्यात का?
मिस्टर हॅलोरन हसले नाहीत.
नाही, म्हणाले, ते तुमचंच.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
बाहेर ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत गेलं.
मार्थाबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या,
'त्यांना इचारा, पंप ह्यांनीच दाबायचा असतो,
का मी दाबला तर चालंल?'

काका नमुन्याकडे बघत राहिले. कान लाल.
मी तोंड उघडलं. नियम आठवला.
माझ्या घरात दोन खोल्या, दोन पलंग,
पंधरा वर्षं. भांडण नाही काही.
कुणी कुणाला विचारलं नाही, एवढंच.
मी म्हणाले, स्वच्छ, हळू,
मी दाबला तर चालेल का?

'अर्थात,' मिस्टर हॅलोरन म्हणाले.
माझ्याकडेच बघून. बोलणाऱ्याकडेच बघतात ते.

फॉर्म भरला. भाषा मराठी, वेळ पन्नास मिनिटं.
टिपणं फाडून टाकायची असतात, टाकली.
बसथांब्यावर ते दोघं आधीच उभे.
पेशंटशी बाहेर बोलायचं नाही, हाही नियमच.
मार्थाबाईंनी पर्समधून पेपरमिंट काढलं,
एक काकांना, एक मला,
आणि विचारलं, 'तुमचं गाव कोन्चं?'