माप

घणसोलीत, सेक्टर सातला, पिठाच्या गिरणीशेजारी माझं दुकान.
पाटीवर : सुवार्ता लेडीज टेलर.
दिवसभर बारीक पीठ उडतं,
काळ्या अस्तरांवर बसतं.
मी झटकत असते.

कोड आधी करंगळीवर आलं,
मग मनगटापर्यंत, मग दोन्ही हातांवर
नकाशात बेटं असावीत तसं.
डॉक्टर म्हणाले, लागण होत नाही.
ते वाक्य मी भावासोबतच सांगायला शिकले :
अस्तरासकट साडेचारशे,
आणि हे पसरत नाही.

लग्नसराईतली दुपार.
चौथ्या मजल्यावरच्या बाई मोरपंखी ब्लाउजपीस घेऊन आल्या.
मी टेप उलगडत पुढे झाले
तशा त्या मागे सरकल्या, इस्त्रीच्या टेबलाला टेकेपर्यंत.
"तुम्ही नको. टेप इकडे द्या, माझं मीच घेते."
मग हळूच, मैत्रिणीला,
पण दुकान आठ बाय दहाचं :
"हिच्या घरच्यांनी देव बदलला ना,
आता कातडीपण बदलायला लागली."

मैत्रीण हसली नाही. तेवढं मी पाहिलं.
हेमांगीने आकडे लिहून घेतले.
मी बॉबिन भरत बसले.
भरली होती, तरी भरत बसले.

मापाबद्दलचं एक वचन मला येतं.
रविवारच्या शाळेत ते पाठ म्हटलं म्हणून
लाल-काळ्या पट्ट्यांची पेन्सिल मिळाली होती.
ते जिभेच्या टोकाशी आलं,
धारदार, नेमकं त्या बाईंच्या अंगाला बसणारं.
पण ज्याचे ते शब्द
त्याने काही ते टाचण्यांच्या डबीत ठेवायला दिले नव्हते.
गिळलं.
घशात कुठेतरी टोचलंच.

त्या रात्री प्रार्थना अशी झालीच नाही.
गुडघे टेकले आणि म्हटलं, "ऐकलंस ना तू?"
थोड्या वेळाने पुन्हा, "ऐकलंस ना?"
वर पंखा फिरत होता. आवाज वगैरे कुठून आला नाही.
पण झोपेच्या आधी आठवलं,
त्यालाही लोक हसले होते कपडे चढवून,
जांभळा झगा, दुसऱ्याच कुणाच्या मापाचा,
आणि त्याचा स्वतःचा अंगरखा,
एकसंध, कुठेही शिवण नसलेला,
त्यावर खाली चिठ्ठ्या पडत होत्या.
शिंपीण आहे, मला तो अंगरखा नेहमीच बघावासा वाटतो.
तो तेव्हा काही बोलला नाही.
गप्प होता, पण लहान झाला नव्हता.
या दोन गोष्टी वेगळ्या असतात
हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये प्रभुभोजन.
मी रांगेच्या अगदी कडेला बसते,
म्हणजे भाकरीची ताटली माझ्यापाशी येऊन संपते,
माझ्या हातून पुढे कुणाला घ्यावी लागत नाही.
नेमके एलियाकाका लोंढे उशिरा आले
आणि माझ्या पलीकडे टेकले.
त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं
रबाळ्याच्या कंपनीत प्रेसखाली गेलेली.
डाव्या हातात काठी.
"मला नाही उचलता येत, तूच दे."
आणि तळहात पुढे केला.

मी तुकडा उचलला, या बोटांनी, ठेवला.
त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.
सकाळपासून उपाशी माणूस खातो तसा खाल्ला.

बाराव्या दिवशी बाई परत आल्या, एकट्याच.
खांदे उतरत होते, हात वर जात नव्हता.
स्वतःचं माप स्वतः घेताना
माणूस पोट आत ओढतंच.
"बिघडवलंत तुम्ही," त्या म्हणाल्या.
"शिलाई बरोबर आहे," मी म्हटलं, "माप चुकलंय.
ते मी घेईन. नाहीतर दुसरीकडे दाखवा."
आवाज माझाच होता. मलाही जरा नवा वाटला.

त्या बराच वेळ दाराकडे बघत राहिल्या.
गिरणीवाल्याने पट्टा चढवला, बंद केला, पुन्हा चढवला.
मग त्यांनी हात थोडे बाजूला केले.

"सरळ उभ्या राहा. श्वास सोडा."
छाती, कंबर, दंडघेर.
पसरत नाही, हे वाक्य या वेळी मी म्हटलं नाही.

उसवून परत शिवायचे ऐंशी रुपये झाले.
तेही घेतले.