समजेल हे क्रियापद

तांबोळी मॅडमनी पहिल्याच बैठकीत
माझ्या एकोणतीस वर्षांच्या टिपणांतला
एक शब्द लाल केला.
"'समजेल' चालणार नाही, सर.
समजलेलं दिसत नाही, मोजता येत नाही.
'ओळखेल' लिहा. 'सांगेल', 'वेगळं करेल',
'आकृती काढून दाखवेल'."

गंगापूर रोडवरच्या आमच्या वर्गात
शेवटच्या बाकापर्यंत नजर टाकून
मी आयुष्यभर तेच तर मोजत आलो:
कुणाच्या भुवया सैल झाल्या,
कोण पेनाचं टोपण चावायचं थांबलं.
हे कुठल्या रकान्यात बसवू?

"कॅमेऱ्याला भुवया दिसत नाहीत," त्या म्हणाल्या,
"आणि सुरगाण्याच्या पोरीला तुमची नजर दिसणार नाही.
तिचा डेटा दुपारी दोनलाच संपतो."

मग बेसाल्टवरचं माझं पन्नास मिनिटांचं व्याख्यान
सहा-सहा मिनिटांच्या आठ तुकड्यांत कापलं गेलं.
उरलेली दोन मिनिटं म्हणजे माझे विनोद.
तीन दिवस मी त्यांचा फोन उचलला नाही.

चौथ्या दिवशी सातपूरहून स्कूटीवर
त्या स्वतःच आल्या, ओढणी तोंडाला गुंडाळून.
"मला दगड दाखवा. मी कॉमर्सची.
तुमचे आठही तुकडे कापताना इतक्यांदा ऐकलेत
की पाठ झालेत, पण…"
वाक्य तिथेच सोडलं.
पुरं करायला तोच शब्द लागला असता.

सोमेश्वरला पाणी आटलं होतं.
गोदेच्या उघड्या पात्रात काळा खडक,
खडकात भोकंच भोकं.
"हे बुडबुडे. लाव्हा थिजत गेला,
यांना बाहेर पडायला वेळ मिळाला नाही."
"कधीची गोष्ट?"
"साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची."
त्यांनी एका भोकात बोट घातलं.
दगड पोळत होता, तरी काढलं नाही.
"समजलं," बऱ्याच वेळानं म्हणाल्या.
"मोजा," मी म्हणालो.

स्वाध्याय त्यांनीच सुचवला, परतताना, उसाच्या गुऱ्हाळापाशी:
घराजवळचा एक दगड,
मापासाठी शेजारी रुपयाचं नाणं,
खाली दोन ओळी.
व्हिडिओ नको, फोटो पुरे; रेंज आली की जाईल.
माझा एक विनोदही परत घेतला. एकच.
तिसऱ्या तुकड्यात मी अजूनही मधेच गोठतो,
तोंड उघडं, हात हवेत.
ते काही केल्या दुरुस्त होत नाही.

एकेचाळीस फोटो आले.
ओझरच्या एकानं रस्त्याची खडी पाठवली,
एकानं कुठूनसा उचललेला हिमालय, नाण्याशिवाय.
आणि सुगंधा गावितनं जातं.
नाणं खुंट्याशी ठेवलेलं, खाली दोन ओळी:
"ह्या दगडाला बारीक भोकं आहेत.
म्हणून टाकी लवकर लावावी लागत नाही."

एकोणतीस वर्षं मी भोकं शिकवली.
ती कशाला उपयोगी पडतात, कुणी विचारलं नव्हतं,
मीही नाही.

रात्री फोन केला. "हे कशात धरायचं?
'ओळखेल'मध्ये? 'सांगेल'मध्ये?"
पलीकडे शांतता, मग कळांचा टकटकाट.
"रकाना नाहीये, सर. एक वाढवते.
नाव काय देऊ?"